‘१००० पीसेस’चा ब्लॉक्सचा डबा खरंच पैसा वसूल आहे का? खोक्यावरचा आकडा असा वाचा

खरेदीच्या कुठल्याही अ‍ॅपवर ‘बिल्डिंग ब्लॉक्स’ असं टाकून बघा. ५०० पीसेस, १००० पीसेस, १२०० पीसेस असे आकडे ठळक अक्षरांत समोर येतात. एक डबा काहीशे रुपयांना, तर निम्मेच पीसेस असलेला दुसरा त्याच्या कित्येक पट किमतीला. मुलाचा वाढदिवस चार दिवसांवर आलेला असतो, बजेट ठरलेलं असतं. मग बहुतेक पालक सरळ भागाकार करतात. किंमत भागिले पीसेस, आणि ज्याचं उत्तर कमी येईल तो डबा कार्टमध्ये.

गडबड अशी की हा भागाकार ज्या आकड्यावर उभा आहे, तोच आकडा डब्याबद्दल सगळ्यात कमी सांगतो. हजार तुकड्यांचा डबा दोन आठवड्यांत पलंगाखाली जाऊ शकतो आणि दोनशे तुकड्यांचा डबा चार-पाच वर्षं रोज बाहेर निघू शकतो. फरक कशामुळे पडतो, ते बघू. इथे आपण फक्त मिश्र, सुट्या ब्लॉक्सच्या डब्याबद्दल बोलतोय. एकच कार किंवा एकच रॉकेट बनवायचा सेट असतो त्याचा हिशोब वेगळा.

‘पीस’ म्हणजे नेमका केवढा?

ब्लॉक्समधला सगळ्यांच्या ओळखीचा तुकडा म्हणजे ‘२ बाय ४’. वर दोन रांगांमध्ये आठ गोल उंचवटे, आपण त्यांना बटणं म्हणू, आणि खालून पोकळ. डेन्मार्कमधल्या बिलुंड गावच्या लेगो कंपनीने या जोडणीच्या पेटंटसाठी २८ जानेवारी १९५८ रोजी अर्ज केला होता. वरची बटणं आणि आतल्या पोकळ नळ्या एकमेकांना घट्ट पकडतात, ही त्यातली मूळ कल्पना.

असा एक २ बाय ४ ब्लॉक साधारण २.३ ग्रॅमचा असतो. २ बाय २ त्याच्या निम्म्या वजनाचा. एकाच बटणाचा चपटा तुकडा मात्र पाव ग्रॅमच्या आसपास, नखाएवढा. खोक्यावर मोजताना तिघंही ‘१ पीस’. म्हणजे विक्रेत्याला आकडा फुगवायचा असेल तर बारीक तुकडे वाढवणं हा सगळ्यात स्वस्त मार्ग आहे.

याचा अंदाज घरबसल्या घेता येतो. प्रॉडक्टच्या पानावर खाली वजन दिलेलं असतं. समजा १००० पीसेसचा डबा खोक्यासकट ६०० ग्रॅमचा आहे. म्हणजे एका तुकड्याचं सरासरी वजन अर्ध्या ग्रॅमच्या जवळपास. अशा डब्यात चुरा जास्त आणि ठोकळे कमी असणार. सगळेच तुकडे २ बाय ४ असावेत असं नाही. डोळे, दिवे, दरवाज्याच्या कड्या यांना बारीक तुकडे लागतातच. पण सरासरी एक ग्रॅमच्या बरीच खाली गेली, तर मी तरी तो डबा घेताना थांबेन. आणि हो, प्लॅस्टिकचा जाड डबा किंवा मोठी बेसप्लेट सोबत असेल तर तेही वजनात धरलेलं असतं, हे विसरू नका.

साधे ब्लॉक्स कमी, म्हणजे खेळ कमी

फोटोत डायनासोर, झाडं, खिडक्या, विमानाचे पंख दिसले की डबा भरगच्च वाटतो. पण पंखाचा तुकडा बहुतेक वेळा पंखच राहतो. साध्या ठोकळ्याचं तसं नसतं, आणि याला गणिताचा आधार आहे. एकाच रंगाचे दोन २ बाय ४ ब्लॉक्स २४ प्रकारे जोडता येतात. तीन घेतले तर १,०६० प्रकारे. आणि सहा घेतले तर? ९१ कोटी ५१ लाख ३ हजार ७६५. आधी बरीच वर्षं १० कोटी २९ लाखांच्या आसपासचा आकडा सांगितला जायचा, पण त्यात सहाही ब्लॉक्स एकावर एक रचलेले मनोरेच धरले होते. कोपनहेगन विद्यापीठातले गणितज्ञ सोरेन आयलर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॉम्प्युटरवर मोजून पूर्ण आकडा काढला.

सहा ठोकळ्यांत एवढं मावत असेल, तर डब्यात असे साधे ठोकळे किती आहेत हाच खरा प्रश्न उरतो. एक लहानसं घर घ्या. बाहेरून १६ बाय १६ बटणांचं आणि भिंत दोन बटणं जाड, म्हणजे लहान मुलाचा हात लागला तरी न पडणारी. एका थराला २ बाय ४ चे १४ ब्लॉक्स लागतात. सहा थर चढवले तर ८४. एवढे ब्लॉक्स घालूनही घर होतं जेमतेम १३ सेंटिमीटर लांब-रुंद आणि ६ सेंटिमीटरपेक्षाही कमी उंच. दारं-खिडक्या ठेवल्या तर चार-सहा ब्लॉक्स वाचतील, इतकंच. तेव्हा ‘हजार पीसेस’च्या डब्यात २ बाय ४ चे तीसच ब्लॉक्स निघाले, तर मुलाचं घर दुसऱ्याच थरानंतर अडणार.

विशेष तुकड्यांमध्ये मी एका गोष्टीला सूट देईन, ती म्हणजे चाकं. गाडी बनवायची हौस वर्षानुवर्षं टिकते. फक्त चाकं चारच्या पटीत आहेत ना आणि ती बसवायला आसाचे तुकडे आहेत ना, ते फोटोत मोजून घ्या.

जास्त रंग ही अडचण कशी?

लेगोच्या ‘क्लासिक’ मालिकेतल्या १०६९८ क्रमांकाच्या मोठ्या डब्यात ७९० तुकडे आणि ३३ रंग आहेत. १०६९६ या मधल्या डब्यात ४८४ तुकडे आणि ३५ रंग. खोक्यावर रंगांचा आकडा कौतुकाने छापलेला असतो. पण भागाकार करा. मोठ्या डब्यात एका रंगाला सरासरी २४ तुकडे येतात, मधल्या डब्यात १४. त्यातही बारीकसारीक सगळं आलं. वर मोजलेल्या घराचे दोन थरही एका रंगात होणार नाहीत.

चार वर्षांच्या मुलाला याचं काही वाटत नाही. भिंत निळी-गुलाबी-पोपटी झाली तरी ते खूशच असतं. खरं तर या वयात रंगांची खटकणारी गर्दी आईबाबांनाच जास्त दिसते. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला मात्र दिवाळीतल्या किल्ल्यासारखी सगळी तटबंदी एकाच रंगात हवी असते, आणि तिथे डबा कमी पडतो. म्हणून मोठ्या मुलासाठी घेताना ३० रंगांच्या एका डब्यापेक्षा पाच-सहा रंगांचा डबा, किंवा छोटा मिश्र डबा आणि सोबत एका रंगाच्या साध्या ब्लॉक्सचं पाकीट, हा सौदा मला जास्त पटतो.

फोटोवर विसंबायचं नसेल तर रिब्रिकेबल आणि ब्रिकलिंक या साइट्सवर लेगोच्या संचाचा क्रमांक टाका. कुठला तुकडा, कुठल्या रंगात, किती नग, ही पूर्ण यादी मोफत बघायला मिळते. स्वस्त ब्रँड्सच्या डब्यांची अशी यादी सहसा नसते. तिथे ग्राहकांनी रिव्ह्यूमध्ये टाकलेले, जमिनीवर ओतलेल्या तुकड्यांचे फोटो जास्त कामाचे.

‘लेगो कम्पॅटिबल’ म्हणजे नकली का?

तसं नाही. ब्लॉकच्या मूळ पेटंटची मुदत कधीच संपली आहे. नंतर कंपनीने ब्लॉकचा आकारच ट्रेडमार्क म्हणून राखून ठेवायचा प्रयत्न केला. पण १४ सप्टेंबर २०१० रोजी युरोपीय न्यायालयाने तो अमान्य केला. समोर मेगा ब्रँड्स ही स्पर्धक कंपनी होती. हा आकार जोडणीच्या तांत्रिक गरजेतून आलेला असल्यामुळे त्यावर एकाच कंपनीला कायमची मालकी सांगता येणार नाही, असा त्या निकालाचा अर्थ. त्यामुळे लेगोला जुळणारे साधे ब्लॉक्स कुणीही बनवू शकतं. लोगो, खोक्यावरचं चित्र किंवा छोट्या माणसाची आकृती जशीच्या तशी उचलणं ही वेगळी गोष्ट. चीनमधल्या ‘लेपिन’ या ब्रँडवर २०१९ मध्ये धाड पडली, ती अशाच नकलेसाठी.

घरात आधीचे ब्लॉक्स असतील तर ‘कम्पॅटिबल’ या शब्दावर न थांबता माप बघा. लेगोमध्ये एका बटणाच्या मध्यापासून पुढच्या बटणाच्या मध्यापर्यंत ८ मिलिमीटर अंतर असतं. म्हणजे चार बटणांचा ब्लॉक पट्टीवर जवळजवळ ३.२ सेंटिमीटर भरतो आणि त्याची उंची बटणं सोडून ९.६ मिलिमीटर असते. बाजारात याहून थोडे मोठे आणि थोडे छोटे असे दोन्ही प्रकार आहेत. ते एकमेकांत बसत नाहीत, आणि डबे एकत्र मिसळले की मुलाची चिडचिड सुरू होते.

मापाइतकीच महत्त्वाची आहे पकड. सैल ब्लॉक्सचा मनोरा उचलताच सुटतो. फार घट्ट ब्लॉक्स काढायला मूल दात लावतं. स्वस्त आणि महाग डब्यातला सगळ्यात मोठा फरक इथेच असतो, कारण पकड साच्याच्या अचूकतेवर अवलंबून असते आणि अचूक साचे महाग पडतात. तपासणी सोपी आहे. दहा ब्लॉक्स एकावर एक लावा आणि वरचा एकच पकडून मनोरा उचला. मग त्या मनोऱ्याला पट्टी लावा. दहा ब्लॉक्सची उंची ९.६ सेंटिमीटर यायला हवी. मध्ये फटी दिसत असतील तर उंच बांधकामात ती चूक थरागणिक वाढत जाते.

प्लॅस्टिक कुठलं आहे, याची चाचणी तर पाण्याच्या बादलीत होते. लेगो १९६३ पासून ब्लॉक्ससाठी एबीएस नावाचं कडक प्लॅस्टिक वापरते. ते पाण्यापेक्षा किंचित जड असल्यामुळे बुडतं. पॉलिप्रॉपिलीन आणि पॉलिइथिलीन हलकी असतात, ती तरंगतात. ब्लॉक पाण्याखाली तिरका करून आतली हवा मात्र आधी काढून टाका. तरंगला म्हणजे धोकादायक, असा अर्थ नाही. फक्त मऊ प्लॅस्टिकची पकड लवकर सैल होते. बुडाला म्हणजे एबीएसच, असंही नाही, कारण ठिसूळ पॉलिस्टायरीनही बुडतं.

किंमत किती रास्त?

परदेशातल्या हौशी लोकांमध्ये ‘एका तुकड्याला १० सेंट’ असा ढोबळ नियम चालतो. ७९० तुकड्यांचा तो डबा अमेरिकेत ५९.९९ डॉलरला आला होता, म्हणजे तुकड्याला साडेसात सेंटच्या आसपास. सिनेमाच्या नावावर विकल्या जाणाऱ्या संचांच्या तुलनेत मिश्र डबे तसे स्वस्तच पडतात. पण हा नियम रुपयांत बदलून इथे लावू नका. खेळण्यांवरचं आयात शुल्क २०२० च्या बजेटमध्ये २० वरून ६० टक्के झालं आणि २०२३ मध्ये ७० टक्के. आयात केलेल्या डब्यासाठी आपण मोजलेला प्रत्येक रुपया दर्जाचा नव्हता, हे त्यातून दिसतं.

तुलना करायचीच तर ‘तुकड्यामागे रुपये’ आणि ‘ग्रॅममागे रुपये’ असे दोन्ही आकडे काढा. पहिल्यात स्वस्त आणि दुसऱ्यात महाग पडणारा डबा बारीक तुकड्यांनी भरलेला असतो.

आयएसआय नसेल तर पुढे बघू नका

१ जानेवारी २०२१ पासून भारतात १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे. आयात केलेल्यांनाही. विजेवर न चालणाऱ्या खेळण्यांसाठी आयएस ९८७३ हे मानक लागू होतं. त्यात तुटल्यावर धारदार कडा येतात का, शिसं किंवा कॅडमियमसारखे घटक किती बाहेर येतात, अशा गोष्टी तपासल्या जातात. खोक्यावर चिन्हासोबत ‘सीएम/एल’ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. तो ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपमध्ये टाकला की कंपनीचं नाव दिसतं. चिन्ह छापणं सोपं असतं, म्हणून क्रमांक तपासायचा.

तीन वर्षांखालच्या मुलासाठी हे छोटे ब्लॉक्स घेऊच नका. तुकडा घशात अडकू शकतो, आणि घरात लहान भावंड असेल तरी हा धोका आहेच. त्या वयासाठी ड्युप्लोसारखे मोठे ठोकळे असतात. १९६९ मध्ये आलेला ड्युप्लो प्रत्येक बाजूने लेगोच्या बरोबर दुप्पट आहे आणि दोन्ही एकमेकांना जोडता येतात, त्यामुळे मूल मोठं झाल्यावर ते वाया जात नाहीत.

राहिला प्रश्न खोक्यावरच्या ‘बुद्धी वाढते, एकाग्रता वाढते’ या दाव्यांचा. अमेरिकेत १७५ लहान मुलांवर झालेला एक अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. घरी ब्लॉक्स दिलेल्या मुलांचा भाषेतला गुणांक जास्त आला, एकाग्रतेत मात्र ठोस फरक दिसला नाही. अभ्यासाला पैसे ब्लॉक्स बनवणाऱ्या कंपनीने दिले होते. या दाव्यासाठी जास्तीचे पैसे मोजायची गरज नाही.

कुणाकडून वापरलेले ब्लॉक्स मिळत असतील तर खुशाल घ्या. चांगल्या एबीएसचं फारसं काही बिघडत नाही, उन्हाने रंग पिवळट पडतो एवढंच. कोमट पाण्यात साबण घालून हाताने धुवा. पाणी ४० अंशांपेक्षा गरम नको, वॉशिंग मशीनही नको. फक्त १९७०-८० च्या दशकातले लाल-पिवळे ब्लॉक्स लहान मुलांना देऊ नका, त्या काळच्या रंगांमध्ये कॅडमियम सापडलेलं आहे.

नवा डबा ऑनलाइन मागवलात तर रिटर्नची अट आधी वाचा. आत बहुधा छोट्या-छोट्या पिशव्या असतात. सगळ्या एकदम फोडू नका. एक पिशवी उघडा, दहा ब्लॉक्सचा मनोरा उचलून बघा, घरातल्या जुन्या ब्लॉक्सवर एक बसवून बघा. हे सगळं वाढदिवसाच्या आदल्या रात्री, मूल झोपल्यावर. सकाळी डबा त्याच्या हातात पडला की रिटर्नचा विषय संपलेलाच असतो.