परत आलेले ताट

आहारशास्त्राच्या विद्यार्थ्याने प्रशिक्षणाचे काही महिने रुग्णालयात, एका वॉर्डातून दुसऱ्या वॉर्डात फिरत काढावेत, ही पद्धत आज इतकी रुळली आहे की तिलाही इतिहास असेल हे ध्यानात येत नाही. अमेरिकेतील आहारतज्ज्ञांची संघटना १९१७ साली क्लीव्हलंड येथे स्थापन झाली आणि १९२७ मध्ये तिने रुग्णालयीन प्रशिक्षणाचा आराखडा ठरवला. या दहा वर्षांत मधुमेहाच्या वॉर्डात जे घडले, त्यावाचून या आराखड्याचे मर्म कळत नाही.

इन्शुलिन नव्हते तेव्हा मधुमेही मुलाचे आयुष्य थोडेफार लांबवण्याचा उपाय एकच होता : उपासमार. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये डॉ. फ्रेडरिक ॲलन यांनी तो शिस्तीत बसवला. लघवीतील साखर नाहीशी होईपर्यंत उपवास, मग तोलूनमापून थोडे अन्न. भाज्या तीनतीनदा उकळून पाणी फेकून द्यायचे, म्हणजे त्यांतील पिष्टांश निघून जावा. (आयुर्वेदात पथ्य म्हणजे हितकर अन्न; मराठी बोलण्यात मात्र काय खाऊ नये तेच पथ्य. ॲलन यांचे पथ्य या दुसऱ्या जातीचे.) त्यांच्या एका बारा वर्षांच्या अंध रुग्णाच्या लघवीत, आहार काटेकोर असूनही, साखर सापडत राहिली. अखेर कळले की तो मुलगा चोरून टूथपेस्ट आणि पिंजऱ्यातल्या पक्ष्याचे दाणे खात होता. स्वयंपाकघरातला तराजू अचूक होता. तो मुलाच्या खाटेपाशी नव्हता, इतकेच.

जानेवारी १९२२ मध्ये टोरांटो येथे लेनर्ड थॉम्पसन या मुलाला इन्शुलिन टोचले गेले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ॲलन यांचीच रुग्ण एलिझाबेथ ह्यूज तेथे पोचली. वय पंधराच्या उंबरठ्यावर, वजन ४५ पौंड. ती पुढे १९८१ पर्यंत जगली.

आता तराजूचे काम संपेल असे कोणालाही वाटले असते. झाले उलटेच. इन्शुलिनची मात्रा आणि जेवण यांचा मेळ बसायलाच हवा. टोचून झाल्यावर रुग्णाने अर्धे ताट टाकले, तर रक्तातली साखर घसरून तो बेशुद्ध पडण्याचे भय. त्यामुळे वाढलेल्या ताटाइतकेच परत आलेले ताटही मोजले जाऊ लागले. जे उरले त्याची भरपाई संत्र्याच्या रसाने वगैरे करायची. एडिंबरोच्या रॉयल इन्फर्मरीत १९२४ साली ब्रिटनमधील पहिल्या रुग्णालयीन आहारतज्ज्ञ म्हणून रूथ पायबस यांची नेमणूक झाली, त्या मूळच्या परिचारिका, हा योगायोग मला वाटत नाही. रुग्णाने न खाल्लेले अन्न त्याच्या उशाशी तसेच ठेवून जाऊ नये, हे फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी परिचारिकांना १८५९ सालीच बजावले होते.

ताट कसे वाढावे हे स्वयंपाकघरात शिकता येते. ते का परत आले, हे खाटेपाशी जाऊनच विचारावे लागते. आणि इन्शुलिन टोचून झालेले असेल, तर विचारायला फार वेळही नसतो.