माशी पाळतो म्हणजे नक्की काय करतो?

'मधमाशीपालन' या शब्दातलं 'पालन' मला बरेच दिवस खटकतंय. गाय पाळतात, कोंबड्या पाळतात, पोपट पिंजऱ्यात घालून पाळतात. मधमाशीला ना दावं, ना खुराडं, ना पिंजरा. पेटीचं दार कायम उघडं. सकाळी बाहेर पडलेली माशी परत येते ती तिच्या मर्जीने, आणि एखाद्या दिवशी सगळं बिऱ्हाडच चालतं झालं तर कुणाकडे तक्रार करणार? तरी आपण ऐटीत सांगतो, "मी मधमाश्या पाळतो."

मीही सांगतो. दीपनगरला आमच्या क्वार्टरमागे कडुलिंबाखाली सातेरीच्या दोन पेट्या आहेत, हे इथल्या जुन्या मंडळींना माहीत आहेच. (नव्यांसाठी: दीपनगर म्हणजे भुसावळजवळच्या औष्णिक वीज केंद्राची वसाहत. मधमाश्यांच्या कुटुंबालाही मराठीत वसाहतच म्हणतात. त्यामुळे "वसाहतीत काय चाललंय?" असं कुणी विचारलं की मला आधी विचारावं लागतं, कुठल्या?)

तर वाद असा आहे. फैजपूरच्या मामांकडे गोठ्याच्या वळचणीला एक जुना माठ आडवा टांगलेला आहे आणि त्यात सातेरी राहते. मामा तो माठ उघडत नाहीत. दोन वर्षांतून एकदा मागच्या बाजूने एखादं पोळं काढतात, तेही घरात कुणाला खोकला असेल तर. मी मात्र दर आठ-दहा दिवसांनी पेटी उघडतो, चौकटी उचलून बघतो, राणी दिसली का, अंडी आहेत का, मेणकिडा लागलाय का. फुलोरा नसेल तेव्हा साखरेचा पाक ठेवतो. मामांचं म्हणणं एकच, "ज्याच्या घराचं झाकण दर आठवड्याला कुणीतरी उघडतं, तो त्या घरात राहील कशाला?"

याला माझ्याकडे उत्तर होतं, पण ते द्यायला थोडा इतिहास वाचावा लागला. वाचल्यावर लक्षात आलं की मामा-भाच्याचा हा वाद जगात निदान दीडशे वर्षं चालू आहे.

त्याआधी वाद नव्हताच, कारण पाळणं नव्हतं. होती ती लूट. आपल्याच सातपुड्यात, पचमढीच्या शैलाश्रयांत मध काढणाऱ्या माणसांची चित्रं आहेत. पोळ्याभोवती उडणाऱ्या माश्याही त्यात काढल्यात. पुढे हजारो वर्षं पद्धत तीच राहिली: धूर करा, माश्या उडवा, पोळं कापा, पिळा. पिळताना मधाबरोबर अंडी, अळ्या, पराग सगळंच फडक्यात येतं. युरोपातही फार वेगळं नव्हतं. तिथे गवताच्या टोपल्यांत माश्या ठेवत आणि मध काढायच्या वेळी बऱ्याचदा गंधकाच्या धुराने अख्खी वसाहत मारत.

हे बदललं ते एका फटीमुळे. अमेरिकेतला लॉरेन्झो लँगस्ट्रॉथ नावाचा पाद्री. 1851 साली त्याच्या लक्षात आलं की दोन पृष्ठभागांमध्ये साधारण एक सेंटीमीटरची फट ठेवली, तर माश्या ती मेणाने किंवा डिंकाने बुजवत नाहीत, ये-जा करायला मोकळी ठेवतात. त्याहून अरुंद फट डिंकाने बंद करतात, रुंद असेल तर तिथे पोळं बांधतात. एवढंच! पण यातून सुट्या चौकटींची पेटी आली आणि पोळं न तोडता उचलून बघता यायला लागलं. 1865 मध्ये ह्रुश्का नावाच्या माणसाने चौकट गरगर फिरवून मध बाहेर काढायचं यंत्र केलं. पोळं रिकामं करून परत पेटीत ठेवता यायला लागलं. लूट संपली आणि व्यवस्थापन सुरू झालं.

जाता जाता एक गंमत. या क्षेत्रात पाद्री फार. लँगस्ट्रॉथ पाद्री, नर माशी बिनफलित अंड्यातून जन्मते हे सांगणारा झिअरझोन पाद्री, आपल्याकडे दक्षिण भारतात 1910 नंतरच्या दशकात सातेरीच्या मापाची छोटी पेटी तयार करणारे फादर न्यूटनही पाद्रीच. रविवार सोडून बाकी दिवस मोकळे असावेत बहुधा.

न्यूटनचं काम मला लँगस्ट्रॉथइतकंच मोठं वाटतं, कारण विलायती पेटी इथे आणून चालत नव्हतं. आपली सातेरी अंगाने लहान, तिचं कुटुंब लहान, पोळ्यांमधलं अंतरही कमी. ही पेटी लहान करायला पाहिजे, हे कुणाला तरी सुचावं लागतं.

पुढचा टप्पा आपल्याच रेल्वेलाइनवरचा. भुसावळहून नागपूरच्या गाडीत बसा, वर्धा लागतं. 1934 च्या डिसेंबरात गांधीजींनी अखिल भारत ग्रामोद्योग संघ काढला, त्याचं मुख्यालय वर्ध्याच्या मगनवाडीत होतं आणि कारभार जे. सी. कुमारप्पा बघत. तेलघाणी, हातकागद, गूळ यांच्या जोडीने संघाने मधमाशीपालनही हाती घेतलं. गांधीजी रोज गरम पाण्यात मध घेत, त्यामुळे तो मध कसा निघतो हा प्रश्न त्यांच्या ताटातलाच होता. पिळून काढलेला मध म्हणजे अळ्यांची हत्या, यंत्राने काढलेला मध अहिंसक. लँगस्ट्रॉथची फट वर्ध्याला येईपर्यंत अशी नैतिक होऊन गेली.

आणि मग महाबळेश्वर. 1946 साली तिथे सरकारी आधाराने पेट्यांचं काम सुरू झालं. ग्रामोद्योगांचे मोठे पुरस्कर्ते वैकुंठभाई मेहता तेव्हा मुंबई प्रांताचे अर्थमंत्री होते. पन्नाशीच्या दशकात डॉ. गो. बा. देवडीकरांसारखे शास्त्रज्ञ तिथल्या माश्यांवर आणि फुलांवर काम करत होते. 1962 च्या नोव्हेंबरात खादी ग्रामोद्योग आयोगाची केंद्रीय मधमाशी संशोधन संस्था पुण्यात सुरू झाली. आज महाराष्ट्रात कुणीही पेटी ठेवतो तो या परंपरेचा नातू आहे, मीसुद्धा. 2022 च्या मे महिन्यात महाबळेश्वर तालुक्यातलं मांघर 'मधाचं गाव' म्हणून जाहीर झालं, तेही याच मुळावरचं.

पण (आणि इथे मामांच्या बाजूचा पहिला मुद्दा येतो) महाबळेश्वरला ही पद्धत रुजली त्याचं श्रेय पेटीला किती आणि जंगलाला किती? तिथे जांभूळ आहे, हिरडा आहे, गेळा आहे, सात वर्षांनी एकदा डोंगरच्या डोंगर निळे करणारी कारवी आहे. वर हवा थंड. आमच्याकडे भुसावळला मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो. माश्यांना पिल्लांच्या पोळ्यात 34-35 अंश टिकवावे लागतात. म्हणजे अर्ध्या कामकरी पाणी आणायला आणि अर्ध्या दारात उभं राहून पंखांनी वारा घालायला. मध कधी गोळा करणार? केळीच्या बागा आहेत, आणि केळफुलात मकरंदही भरपूर असतो. आपल्या केळीला फळ धरायला माशीची गरज नाही, माशीला मात्र केळीचा मोठा आधार आहे. बाकी कडुलिंब, बाभूळ, बोर, शेवगा जमेल तसं. आणि कपाशीवर फवारणी सुरू झाली की ती दिशा बंद.

अशा ठिकाणी सातेरी काय करते? निघून जाते. पुस्तकात याला दोष म्हणून लिहिलेलं असतं: सातेरी घर सोडते, भरवशाची नाही. अन्न संपलं, ऊन वाढलं, मुंग्या आल्या, मेणकिडा लागला किंवा वारंवार त्रास झाला की ती चालली. युरोपियन माशी, म्हणजे मेलिफेरा, त्या मानाने घराला चिकटून राहते. थंड देशातली ती. हिवाळ्याच्या तोंडावर घर सोडलं तर मरण, म्हणून साठा करून बसून राहायचं हे तिच्या रक्तात. सातेरीला असा हिवाळा माहीत नाही. उन्हाळ्यात तिच्या पूर्वजांना पलीकडच्या दरीत काहीतरी फुललेलं मिळालं असणार. जे तिचं शहाणपण, तो पेटीवाल्याच्या वहीत दोष.

मग ज्यांना जास्त मध हवा होता त्यांनी माशीच बदलली. 1962 पासून नगरोटा इथे (तेव्हाचा पंजाब, आताचं हिमाचल) अटवाल आणि सहकाऱ्यांनी मेलिफेरा रुजवली. सातेरीच्या पेटीतून वर्षाला पाच-सात किलो मिळाले तर आनंद. मेलिफेरा त्याच्या कितीतरी पट देते. आज डाळिंबाच्या आणि कांदा बियाण्याच्या शेतात ज्या पेट्या दिसतात त्या बहुतेक तिच्याच. फुलोरा संपला की पेट्या रात्री ट्रकमध्ये चढतात आणि दुसऱ्या पिकाला जातात. म्हणजे बघा, स्थलांतर चुकलं नाहीच! फक्त आता ते डिझेलवर होतं.

याची किंमतही आली. सातेरीच्या अंगावर व्हरोआ नावाचा कोळीवर्गातला बारीक जीव पूर्वापार राहतो. सातेरी त्याला अंगावरून ओढून काढते, आणि तिच्याकडे तो वाढतो फक्त नरांच्या घरांत. दोघांचं जुनं जमलेलं. पेट्या जगभर फिरल्या, तो मेलिफेरावर गेला आणि तिथे त्याने कहर केला, कारण तिची त्याच्याशी ओळखच नव्हती. उलट सातेरीला स्वतःचा आजार आहेच. थाई सॅकब्रूड हा अळ्यांचा विषाणू भारतात 1978 मध्ये मेघालयात आढळला आणि 1991-92 मध्ये केरळ, कर्नाटक, तामिळनाडूत बहुतेक सगळ्या पेट्या रिकाम्या करून गेला. त्यावर औषध नव्हतं, आजही नाही. ज्या थोड्या वसाहती तगल्या, त्यांच्यापासून पुन्हा पेट्या भरल्या.

त्यामुळे युरोप-अमेरिकेतही मामांच्या पंथाचे लोक आहेत. 1923 मध्ये रुडॉल्फ स्टायनरने माश्यांवरच्या व्याख्यानांत माणसाने राण्या कृत्रिमरीत्या तयार करण्यावर आक्षेप घेतला. फ्रान्सच्या एमिल वारेने (हाही पाद्री!) कमीत कमी वेळा उघडायची साधी उभी पेटी केली. पण मला सगळ्यात पटला तो अमेरिकेचा थॉमस सीली, कारण तो भावनेने न बोलता मोजून बोलतो. न्यूयॉर्क राज्यातल्या आर्नोट जंगलात त्याने 1978 मध्ये झाडांच्या ढोलीतल्या वसाहती मोजल्या होत्या. 2002 मध्ये, म्हणजे व्हरोआ तिथे येऊन गेल्यावर पुन्हा मोजल्या, तर जवळपास तितक्याच निघाल्या. औषध नाही, पाक नाही, माणूस नाही. ढोली लहान, एकमेकींपासून लांब, मध बेताचा. मामांना हे फोनवर सांगितलं. ते म्हणाले, "त्याला माझा माठ दाखव."

अर्थात मामांचं सगळं मला मान्य नाही. ते विसरतात की न उघडलेल्या माठाचं पोळं काढताना पिल्लांचं पोळंही कापलं जातं; सुटी चौकट असेल तर ते टळतं. गांधीजींचा मुद्दा अजून खरा आहे. आग्या माशीचंच बघा. तिला कोणी पाळू शकत नाही, ती उघड्यावर एकच प्रचंड पोळं लावते. पण त्या पोळ्यात मध वरच्या एका कोपऱ्यात असतो आणि पिल्लं खाली. तेवढाच कोपरा कापला तर वसाहत राहते. विदर्भात मध काढणाऱ्या आदिवासींना हे शिकवायचं काम वर्ध्याच्या डॉ. गोपाल पालीवालांनी केलं. न पाळताही जबाबदारीने वागता येतं, याचं यापेक्षा चांगलं उदाहरण मला माहीत नाही. आणि आग्या परत येते. 2000 साली 'नेचर'मध्ये आसामातल्या आग्यावरचा अभ्यास छापून आला. आनुवंशिक तपासणीत दिसलं की हंगाम संपल्यावर निघून गेलेल्या वसाहती पुढे त्याच जागी परतल्या होत्या. कामकरी माशी इतकी जगत नाही, मग जागा कोण लक्षात ठेवतं? हे वाचल्यापासून उंच इमारतीवरचं आग्याचं पोळं कुणी जाळलं असं ऐकलं की पोटात कालवतं.

असो. या उन्हाळ्यापुरती आमची तडजोड झाली आहे. डावी पेटी माझ्या पद्धतीने, उजवी मामांच्या. दोन्हींवर ओलं गोणपाट, खाली मुंग्यांसाठी पाण्याच्या वाट्या, समोर खडे घातलेलं पाण्याचं पसरट भांडं, म्हणजे माश्या बुडत नाहीत. उजवीचं झाकण होळीपासून उघडलेलं नाही. आत काय चाललंय हे कळायला मार्ग नाही, आणि या पद्धतीचा सगळ्यात मोठा त्रास हाच, माशीला नव्हे, मला. मग सकाळी चहाचा कप घेऊन दारासमोर स्टूल टाकून बसतो. पायांना परागाचे गोळे लावून माश्या आत जात असतील तर आत पिल्लं आहेत, म्हणजे राणी आहे. काल दहा मिनिटांत उजवीकडे सव्वीस मोजल्या, डावीकडे एकोणीस. मामांना अजून सांगितलेलं नाही, पण ते हे वाचतीलच.