फ्रँचाइझ जाहिरात सहकारी मंडळे

फ्रँचाइझ जाहिरात सहकारी मंडळे : एकाच व्यापारचिन्हाखाली धंदा करणाऱ्या स्वतंत्र दुकानदारांनी सामाईक जाहिरातीसाठी वर्गणी जमा करून तिचा विनियोग मतदानाने ठरविण्याकरिता स्थापन केलेल्या संघटना. फ्रँचाइझ पद्धतीत मूळ कंपनी आपले नाव, चिन्ह व कार्यपद्धती वापरण्याचा परवाना देते. दुकानात गुंतविलेले भांडवल व नफातोट्याची जोखीम मात्र परवानाधारकाची असते. जाहिरातीचा लाभ सर्वांना होत असल्याने तिचा खर्चही सर्वांनी उचलावा, हे तत्त्व सहसा मान्य असते. तो पैसा कोणाच्या मताने खर्च व्हावा, हाच वादाचा विषय ठरला आहे.

या मंडळांचा विकास मुख्यत्वे दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत झाला. एका दूरचित्रवाणी केंद्राच्या टापूत एकाच चिन्हाची अनेक दुकाने येत. जाहिरातीचा खर्च एकट्यादुकट्याला झेपत नसे. त्यामुळे टापूवार मंडळे निघाली. मॅक्डॉनल्ड्सचे रॉनल्ड मॅक्डॉनल्ड हे विदूषकाचे पात्र १९६३ मध्ये वॉशिंग्टन येथील स्थानिक जाहिरातींतूनच पुढे आले. त्याच दशकात या साखळीतील परवानाधारकांनी देशव्यापी जाहिरातीसाठी राष्ट्रीय मंडळही उभारले.

मतदानाच्या प्रमुख पद्धती तीन : दर सभासदास एक मत, दर दुकानास एक मत आणि वर्गणीच्या प्रमाणात मत. पहिल्या पद्धतीत लहान दुकानदाराचे वजन टिकते, तर इतर दोहोंत अनेक दुकानांच्या मालकाचे पारडे जड होते. मूळ कंपनीची स्वतःची दुकाने मतदानात सामील असतील, तर कंपनीच बहुमत मिळवू शकते. काही ठिकाणी मंडळच नसते. कंपनी स्वतः निधी चालविते. माइनेके या मोटारदुरुस्ती साखळीतील परवानाधारकांनी अशा निधीच्या वापराविरुद्ध दावा लावला. खालच्या न्यायालयात मिळालेला मोठ्या भरपाईचा निकाल अपील न्यायालयाने १९९८ मध्ये रद्द केला व कंपनीवर विश्वस्ताची जबाबदारी येत असल्याचे मानले नाही. ज्यांना मत नाही, त्यांना करारातील शब्दांपलीकडे फारसा आधार उरत नाही, हे यावरून दिसते.

याउलट केंटकी फ्राइड चिकनच्या राष्ट्रीय जाहिरात मंडळात परवानाधारकांच्या प्रतिनिधींचे बहुमत होते. भाजलेल्या कोंबडीच्या जाहिरातीवर कंपनीने २००९ मध्ये दिलेला भर त्यांना अमान्य होता. तळलेली कोंबडी हाच आपल्या धंद्याचा कणा, असे त्यांचे म्हणणे. मंडळाने २०१० मध्ये डेलावेअर राज्याच्या न्यायालयात दावा दाखल केला. कंपनीच्या योजना स्वीकारणे वा फेटाळणे एवढाच मंडळाचा अधिकार नसून त्यांत बदल करण्याचा अधिकारही त्यास आहे, असा निर्णय २०११ मध्ये झाला. हा विजय मंडळाच्या घटनापत्रातील कलमांच्या अर्थावर आधारलेला होता. पुढे २०१५ मध्ये कंपनीने उपकरणे व जादा जाहिरात यांसाठी पैसा देण्याचे मान्य केले आणि त्या करारान्वये जाहिरातीचे नियंत्रण तिच्याकडे गेले. न्यायालयात राखलेले मत वाटाघाटीत सोडले गेले.

अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने १९७८ मध्ये फ्रँचाइझविषयक नियम केला व २००७ मध्ये तो सुधारला. त्यानुसार मंडळाची सदस्यता सक्तीची आहे काय, त्याचा कारभार कोण पाहतो, कंपनीची दुकाने त्याच दराने वर्गणी देतात काय आणि वर्गणी ठरविताना त्यांना किती मताधिकार असतो, हे परवाना घेऊ इच्छिणाऱ्यास आधी कळवावे लागते. कंपनीच्या दुकानांकडे नियंत्रक मताधिकार असल्यास वर्गणीची कमाल व किमान मर्यादाही सांगावी लागते. मात्र मताधिकार कसा असावा, हे हा नियम ठरवीत नाही.

रॉचडेल येथे १८४४ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेपासून चालत आलेले ऐच्छिक सदस्यत्व व एका सभासदास एक मत हे दंडक सहकाराची ओळख मानले जातात. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० मध्येही भागांची संख्या कितीही असली, तरी सभासदास सामान्यतः एकच मत आहे. फ्रँचाइझ मंडळांत सदस्यत्व बहुधा करारानेच लादलेले असते व मंडळ बदलण्याचा वा विसर्जित करण्याचा अधिकारही पुष्कळदा कंपनी राखून ठेवते. म्हणून अशा मंडळाचे सहकारी स्वरूप त्याच्या नावावरून नव्हे, तर मतगणनेच्या कलमावरून ठरवावे लागते.