सोलापूरचा मार्शल लॉ आणि सेटलमेंटची हजेरी

गेल्या पावसाळ्यात आमच्या भवानी पेठेत लागोपाठ चोऱ्या झाल्या. एका विडी कामगार बाईने वर्षभर पै-पै साठवून केलेले डोरले गेले. एका यंत्रमागाच्या कारखान्यातून सुताची पोती गेली. एका म्हाताऱ्याची पेन्शन बँकेच्या दारातून घरी पोचलीच नाही. लोक चिडले, आणि एका रात्री समाजमंदिरात बैठक बसली.

बैठकीला बसलेली माणसे हातावर पोट असलेली होती. कुणी माग चालवणारे, कुणी हमाल, कुणी शिवणकाम करणाऱ्या बायका. त्यांनी मनातले सगळे बोलून टाकले. तक्रार द्यायला गेले की दोन तास बाकड्यावर बसवतात. रस्त्यावरचे दिवे महिनोन्‌महिने बंद. पुढारी मते मागायला उंबऱ्यापर्यंत येतात आणि निवडून आले की फोन उचलत नाहीत. ज्याला आपण निवडून दिले तो उद्या कुठल्या पक्षात असेल, हे त्यालाही ठाऊक नसते. यातले एकही वाक्य खोटे नव्हते. मग पाठीमागून एक आवाज आला, "या देशाला आता मार्शल लॉच पाहिजे." लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या थांबतात न थांबतात तोच दुसरा म्हणाला, "रात्री गस्त घालू. सेटलमेंटकडनं येणाऱ्या पोरांवर नजर ठेवू." त्यालाही कुणी विरोध केला नाही.

भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर होती. तिच्याखाली माझा एक जुना विद्यार्थी बसला होता. त्याचा जन्म सेटलमेंटमधला. आता तो वायरमनचे काम करतो आणि आमच्याच पेठेत भाड्याने राहतो. तो उठला, चपला घातल्या आणि निघून गेला. मी चौतीस वर्षे शाळेत इतिहास शिकवला. त्या रात्री मी एक शब्द बोललो नाही.

तेव्हा जे बोलायला हवे होते ते आता लिहितो आहे. मार्शल लॉ मागणाऱ्यांनी तो निदान सोलापुरात तरी मागू नये. या शहराने तो पाहिला आहे. आणि याच शहराच्या एका कोपऱ्याने दुसऱ्या नावाने तो कितीतरी अधिक काळ भोगला आहे.

*

पहिला मार्शल लॉ सर्वांना माहीत आहे. ५ मे १९३० रोजी गांधीजींना अटक झाली आणि गिरण्यांचे हे गाव पेटले. त्याआधी एप्रिलमध्येच सोलापूरच्या नगरपालिकेवर राष्ट्रध्वज चढला होता. ८ मे रोजी आमच्या पेठेजवळच्या रूपाभवानीच्या परिसरात शिंदीची झाडे तोडायला लोक जमले. दारूबंदीचा तो कार्यक्रम होता. पोलीस आले, धरपकड झाली, गोळी सुटली आणि शंकर शिवदारे हा तरुण ठार झाला. मग जमाव आवरला नाही. मंगळवार पेठेची पोलीस चौकी जळाली, न्यायालय जळाले, पोलिसांचे जीव गेले. त्यानंतरचे काही दिवस सोलापुरात इंग्रजांचे राज्य असे उरलेच नव्हते. रस्त्यावरची रहदारी काँग्रेसचे स्वयंसेवक सांभाळत होते.

१२ मेच्या रात्री शहर लष्कराच्या ताब्यात गेले. ३० जूनला मार्शल लॉ उठला. म्हणजे तो सात आठवडे होता. या सात आठवड्यांत ध्वज उतरवला गेला, डोक्यावरच्या गांधी टोप्या काठीने उडवल्या गेल्या, तुळशीदास जाधव आणि रामकृष्ण जाजू यांच्यासारखे पुढारी तुरुंगात गेले. पोलिसांच्या खुनाच्या आरोपावरून मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, अब्दुल रसूल कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी दिली गेली. चौघांचे पुतळे आज चौकात उभे आहेत. या चार हुतात्म्यांविषयी माझ्या मनात अपार आदर आहे. जातीधर्माच्या भिंती ओलांडून एका फासावर गेलेली ही माणसे आहेत.

माझी आजी तेव्हा बारा वर्षांची होती. तिचा बाप जुन्या गिरणीत होता. ती सांगायची, "पलटण आली तवा दिवस मावळायच्या आत दारं लागायची. बाप पाळीवरनं येईस्तोवर आई चूल पेटवायची न्हाई." पुढे आजीही गिरणीत लागली. तिच्याबरोबर खात्यात सेटलमेंटमधली एक कैकाडी बाई काम करायची. मार्शल लॉची गोष्ट निघाली की ती बाई आजीला म्हणायची, "तुमची पलटण आली आन्‌ गेली. आमची कवा जायाची?"

लहानपणी मला ही गंमत वाटायची. या प्रश्नात सोलापूरचा अर्धा इतिहास आहे हे कळायला मला शिक्षक व्हावे लागले, आणि तो शाळेच्या पुस्तकात नाही हे कळायला त्याहून अधिक वर्षे लागली.

*

गुन्हेगार जमाती कायदा प्रथम १८७१ साली उत्तर हिंदुस्थानात आला. १९११ च्या कायद्याने त्याची कक्षा मुंबई इलाख्यापर्यंत वाढली आणि १९२४ साली तो पुन्हा एकत्रित करून मांडला गेला. त्याचे तत्त्व आपल्याला परके नाही. माणसाने काय केले हे पाहायचे नाही, तो कुणाच्या पोटी जन्मला हे पाहायचे. सरकारने राजपत्रात एखादी जमात गुन्हेगार म्हणून जाहीर केली की तिच्यातले तान्हे मूलही त्या यादीत गेले. त्या घोषणेला न्यायालयात आव्हान देण्याची सोय नव्हती. बोटांचे ठसे, नावनोंदणी, ठरल्या वेळी हजेरी, बाहेर जायचे तर पास. हजेरी चुकली तर तोच गुन्हा. मनूने जे स्मृतीत लिहिले तेच इंग्रजाने राजपत्रात छापले, म्हणून या कायद्याविरुद्ध इथल्या वरच्या वर्गात कधी वणवा पेटला नाही. त्याला तो कायदा ओळखीचा वाटला.

याच कायद्याखाली सोलापुरात सेटलमेंट झाली. कैकाडी, मांग गारुडी, पारधी, कंजारभाट अशा भटक्या जमातींची कुटुंबे तारेच्या कुंपणात आणून बसवली. रेल्वे, मिठाचा कर आणि जंगलाचे कायदे यांनी या लोकांचे बैल आणि बाजार आधीच हिरावून घेतले होते. उपजीविका काढून घ्यायची आणि मग भटकतो म्हणून गुन्हेगार ठरवायचे, असा तो न्याय होता. सेटलमेंटला सुधारणेचे नाव होते. आत शाळा होती, कामाची सक्ती होती, आणि काम द्यायला सोलापूरच्या गिरण्या होत्या. गिरणीला माणसे हवी होती आणि सरकारला बंदोबस्त. भोंग्याने दिवस सुरू व्हायचा आणि हजेरीने संपायचा. ज्याला गैरहजेरीबद्दल मालक पगार कापतो आणि सरकार तुरुंगात घालते, त्याने संप तरी कसा करावा?

चांगले वागल्याचा शेरा मिळालेल्या कुटुंबांना कुंपणाबाहेर जागा मिळे. त्या वसाहतीला फ्री कॉलनी म्हणत. सोलापुरात आजही सेटलमेंट फ्री कॉलनी हा पत्ता आहे. पोस्टमन त्या पत्त्यावर पत्रे टाकतो. एखाद्या वस्तीच्या नावातच ती स्वतंत्र आहे असे लिहावे लागते, यावरून बाकीचे ओळखावे.

आता १९३० च्या मे महिन्याकडे पुन्हा पाहा. संध्याकाळनंतर बाहेर पडायचे नाही, परवानगीवाचून गाव सोडायचे नाही, शिपायाने हटकले की उत्तर द्यायचे. हे शहरावर आले तेव्हा साऱ्या देशात त्याचा निषेध झाला, आणि तो व्हायलाच हवा होता. पण शहरावर आलेले हे संकट सेटलमेंटमधल्या माणसाचा रोजचा दिवस होता. त्याच्यासाठी कुणी हरताळ पाळला नाही.

*

इथे नेतृत्वाचा प्रश्न येतो. लोकांना असुरक्षित वाटते तेव्हा पुढारी कुणाचे रक्षण मागतो, यावरून त्याची पारख करावी.

मुंबई सरकारने १९२८ साली अस्पृश्य आणि आदिवासी यांच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी एक समिती नेमली. अध्यक्ष होते स्टार्ट. हेच स्टार्ट मुंबई इलाख्यातल्या सेटलमेंटचे प्रमुख अधिकारी होते. समितीचे एक सभासद डॉ. बाबासाहेब आंबेडकर. तिचा अहवाल १९३० साली, म्हणजे सोलापूर पेटले त्याच वर्षी आला. अस्पृश्य माणूस आपला साधा हक्क बजावायला गेला की गाव त्याचे काम, धान्य आणि वाट बंद करते, आणि पोटाने परावलंबी असल्यामुळे तो मोडतो, हे त्या अहवालात नोंदले गेले. अहवाल सरकारी असला तरी हे सत्य आपले होते.

येरवड्यात चौघांना फाशी दिली तेव्हा लंडनमध्ये पहिली गोलमेज परिषद चालू होती. बाबासाहेब आणि रावबहादूर श्रीनिवासन यांनी तिथे अस्पृश्यांच्या संरक्षणाची जी योजना मांडली, तिच्यात सामाजिक बहिष्कार हा गुन्हा ठरवावा अशी मागणी होती. त्याआधी १९२८ साली सायमन कमिशनपुढे त्यांनी लष्कर आणि पोलीस यांत आपल्या माणसांना प्रवेश मागितला होता. त्यांनी अधिक कडक शिपाई मागितला नाही. कायदा सर्वांना सारखा लागावा आणि तो राबवणाऱ्यांत आपलाही माणूस असावा, हे मागितले. सुरक्षितता म्हणजे दुसऱ्याभोवती घातलेले कुंपण, ही कल्पनाच त्यांनी नाकारली. घटना समितीत २५ नोव्हेंबर १९४९ रोजी त्यांनी जो इशारा दिला तोही हाच होता. राजकारणातली भक्ती माणसांना अधोगतीला आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते. गांजलेली माणसे भक्त लवकर होतात, हे त्यांना ठाऊक होते.

*

३१ ऑगस्ट १९५२ रोजी गुन्हेगार जमाती कायदा देशभरातून रद्द झाला. देश स्वतंत्र झाल्यानंतर पाच वर्षे सोळा दिवसांनी. या जमाती विमुक्त झाल्या. पण १९५९ साली मुंबई राज्यात सराईत गुन्हेगारांचा कायदा आला आणि यादीतली नावे दुसऱ्या वहीत गेली. कायद्यात आता जमातीचा उल्लेख नव्हता. शिपायाच्या डोक्यात मात्र तो होता. समित्या झाल्या, आयोग झाले. याच सोलापूरचे बाळकृष्ण रेणके यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय आयोगाने २००८ साली अहवाल दिला. त्यानंतर इदाते आयोगही होऊन गेला. प्रत्येक सरकारने अहवाल स्वीकारताना फोटो काढला आणि अहवाल कपाटात ठेवला. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाला तुरुंगांच्या नियमावलीतून जातीवर काम वाटण्याची आणि विमुक्तांना जन्मतः सराईत समजण्याची कलमे काढायला सांगावे लागले. कायदा रद्द होऊन तेव्हा बहात्तर वर्षे झाली होती.

आणि १ जुलै २०१८ चे काय? धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, मुले पळवणारी टोळी आली आहे अशा अफवेवरून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना ठेचून मारले. ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडून मारले. मेलेले बहुतेक जण आपल्या सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढे तालुक्यातले होते. ज्यांनी मारले तेही गरीबच होते, भेदरलेले होते, पोलिसांवर आणि पुढाऱ्यांवर त्यांचाही विश्वास उरला नव्हता. आमच्या बैठकीतली वाक्ये आणि त्या जमावाची वाक्ये यांत मला फार अंतर दिसत नाही. भीती तीच. फक्त आमच्या हातात त्या रात्री दगड नव्हते.

*

आता आपल्या घरातले बोलतो. आम्ही बौद्ध झालो, शिकलो, नोकऱ्या मिळवल्या, आणि सेटलमेंटकडून माणूस आला की दाराला कडी लावायला आम्हीही शिकलो. माझी आई लावायची. मीही लावली आहे. गावकुसाबाहेर ठेवलेल्यांनी स्वतःचे आणखी एक कूस बांधले. ज्या संशयाने आपल्या बापजाद्यांना छळले तोच आपण एका पायरीने खाली ढकलला. व्यवस्था अशीच टिकते. वरच्याला खालची काठी हातात धरावी लागत नाही, मधला ती धरतो.

म्हणून पेठेतल्या लोकांचा राग खोटा आहे असे मी म्हणत नाही. डोरले गेलेल्या बाईला इतिहास सांगून डोरले मिळत नाही. चोर सापडलाच पाहिजे. पण मार्शल लॉ आला तर तो पहिल्यांदा कुणाच्या दारात जाईल? ज्यांची तक्रार आज दोन तास घेतली जात नाही, त्यांचे ऐकून घ्यायची सक्ती तेव्हा कुणावर असेल? १९३० साली पलटण आली ती गिरणी कामगाराच्या दारात आली. गिरणीच्या मालकाला तिने पास मागितला नाही.

पंधरा दिवसांनी पुन्हा बैठक बसली. आदल्या दिवशी मी माझ्या विद्यार्थ्याच्या खोलीवर गेलो. "त्या रात्री मी गप्प राहिलो, चुकलो," असे त्याला म्हणालो. तो म्हणाला, "सर, सवय आहे." हे दोन शब्द मला चांगलेच लागले. चहा झाल्यावर मी त्याला बैठकीला चल म्हणालो. तो आला नाही. आग्रह करण्याचा मला अधिकारही नव्हता.

बैठकीत मी उभा राहिलो आणि वर लिहिले ते मोडक्यातोडक्या शब्दांत सांगितले. काही जण उठून गेले. एक जण म्हणाला, "सर, तुमच्या घरी चोरी झाली न्हाई म्हणून बोलता." त्याचे म्हणणे पुरते चूक नव्हते. तरी मी तीन गोष्टी मांडल्या. प्रत्येक तक्रारीची नोंद झालीच पाहिजे आणि तिची प्रत हातात मिळाली पाहिजे, यासाठी सर्वांनी मिळून जायचे. दिवे लागेपर्यंत दर आठवड्याला महापालिकेच्या दारात बसायचे. आणि गस्त घालायचीच असेल तर तिच्यात सेटलमेंटची पोरे आपल्या बरोबरीने असतील, नाहीतर गस्त नाही. पहिल्या दोन गोष्टी मान्य झाल्या. तिसऱ्या गोष्टीवर चर्चा पुढच्या बैठकीपर्यंत तहकूब झाली.

ती अजून तहकूबच आहे. पुढच्या बैठकीत मी ती पुन्हा मांडणार आहे.