सागराची प्रदक्षिणा

आळंद हे गाव समुद्रापासून इतके दूर आहे की, तेथील माणसास गलबत बहुधा गोष्टीतच भेटावयाचे. तथापि याच तालुक्यातील अमरजा नदी गाणगापुराजवळ भीमेस मिळते, भीमा कृष्णेस मिळते आणि कृष्णा ते सारे पाणी पूर्वसमुद्राच्या स्वाधीन करते. संगमावर स्नान करावयाचे, निर्गुण पादुकांचे दर्शन घ्यावयाचे व प्रदक्षिणा घालावयाची, हा क्रम या भागातील घराघरांस परिचित आहे. अशा वाचकांपुढे समुद्राची गोष्ट मांडताना आम्हांस संकोच वाटत नाही; कारण ती गोष्टही प्रदक्षिणेचीच आहे. मात्र येथे प्रदक्षिणा संगमास वा देवालयास नसून अवघ्या पृथ्वीस आहे, आणि ती शिडाच्या नौकेतून, एकट्याने घालावयाची आहे.

या परिक्रमेचे नियम देवालयातील नियमांइतकेच काटेकोर आहेत. ज्या बंदरातून निघावयाचे त्याच बंदरात परत यावयाचे. सर्व रेखावृत्ते ओलांडावयाची. विषुववृत्त जाताना व येताना पार करावयाचे. सुएझ किंवा पनामा यांसारख्या कालव्यांचा आडमार्ग धरावयाचा नाही. आणि एकंदर प्रवास 21,600 सागरी मैलांहून कमी होता कामा नये. हा आकडा कोठून आला? पृथ्वीच्या वर्तुळाचे अंश 360, प्रत्येक अंशाच्या कला 60, आणि एका कलेस एक सागरी मैल. म्हणजे पृथ्वीचा पूर्ण घेरच नौकेने मोजून द्यावयाचा. वाटेत ऑस्ट्रेलियाचे ल्यूविन, दक्षिण अमेरिकेचे हॉर्न आणि आफ्रिकेचे गुड होप ही तीन भूशिरे लागतात.

आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. पूज्य वस्तू उजव्या हाताला ठेवून फिरणे ही प्रदक्षिणेची रीत. मुंबईहून निघालेली नौका विषुववृत्त ओलांडून दक्षिणेस उतरते व नंतर पूर्वेकडे वळते. पूर्वेस तोंड केले की दक्षिण दिशा उजव्या हातास येते. म्हणून त्या थंड महासागरातील सर्व प्रवासात दक्षिणध्रुव आणि त्याभोवतीचा हिमखंड नाविकाच्या उजव्या अंगास राहतो. नाविकांनी ही दिशा धर्मग्रंथ पाहून निवडलेली नाही. दक्षिणेकडील चाळिसाव्या अक्षांशापलीकडे पश्चिमेचे वारे प्रायः अखंड वाहतात व शिडास पूर्वेकडे रेटतात, म्हणून ती निवडली आहे. परंतु वाऱ्याचा नियम आणि देवालयाचा नियम येथे एकत्र यावेत, हे पाहून आमच्या मनास कौतुक वाटल्यावाचून राहत नाही.

आपल्या समाजाचे समुद्राशी नाते मात्र सरळ कधीच नव्हते. बौधायन धर्मसूत्राने समुद्रसंयान पातकांत गणले. पुढे कलिवर्ज्यांतही त्याचा समावेश झाला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस विलायतेहून आलेल्या माणसास पंक्तीस घ्यावे की नाही, यावरून आपल्या पश्चिम किनाऱ्यावरील जातिसभांत केवढे रण माजले, हे जुन्या घरांस ठाऊक आहे. दुसरीकडे त्याच किनाऱ्यावर नारळी पौर्णिमेस दर्यास नारळ अर्पण करून होड्या लोटल्या जात होत्या, आणि मराठ्यांच्या आरमाराची गुराबे व गलबते कोकणच्या पाण्यात परकीयांस दहशत घालीत होती. म्हणजे निषेध पोथीत आणि शीड वाऱ्यावर, असा हा संसार चालला. तथापि एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करण्याचा संकल्प आपल्याकडे फार उशिरा झाला, हे मान्य केले पाहिजे.

जगात तो मान प्रथम जोशुआ स्लोकम या खलाशास मिळाला. 1895 साली ‘स्प्रे’ नावाच्या नौकेतून तो बोस्टनहून निघाला व 1898 साली परतला. वाटेत तो अनेक बंदरांत थांबला होता. कोठेही न थांबता ही परिक्रमा पुरी करणारा पहिला माणूस म्हणजे इंग्रज खलाशी रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन. 1968 सालच्या ‘गोल्डन ग्लोब’ शर्यतीत नऊ जण निघाले आणि एकटा तोच परत पोचला. एप्रिल 1969 मध्ये फाल्मथ बंदरात शिरलेली त्याची ‘सुहेली’ ही नौका अवघी 32 फुटांची होती. वाचकांस आनंद वाटेल की ती आपल्या मुंबईत, कुलाब्यास, हिंदुस्थानी सागवानातून घडली होती. ज्या नौकेने जगास प्रथम अखंड प्रदक्षिणा घातली तिच्यावर आपल्या सुतारांचा हात फिरला होता. सुकाणूवर हात मात्र दुसऱ्याचा होता.

ही उणीव ज्यांच्या मनास सलत राहिली त्यांत व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी हे अग्रणी होत. 1971 च्या युद्धातील पराक्रमाबद्दल वीरचक्र मिळविलेला हा नौसेनानी निवृत्तीनंतर सातारा जिल्ह्यातील विंचुर्णी या गावी राहिला. गाव कोरडवाहू, चित्त मात्र समुद्रावर. नौका भारतात बांधलेली असावी, तिच्यावर एकच भारतीय असावा, आणि त्याने पृथ्वीस वळसा घालावा, हा त्यांचा आग्रह होता. 2006 साली नौदलाने ही योजना पत्करली, तेव्हा कमांडर दिलीप दोंदे पुढे झाले. त्यांनी नॉक्स-जॉन्स्टन यांच्याकडे उमेदवारी केली. गोव्यात दिवाडी बेटावरील रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात 56 फुटांची नौका बांधावयास घेतली गेली. आराखडा डच होता, हात आपले होते. अशी नौका त्या कारखान्याने पूर्वी बांधलेली नव्हती आणि ती चालविण्याचा अनुभव दोंदे यांसही नव्हता. दोघेही शिकत शिकत पुढे गेले.

नौकेचे नाव ‘म्हादई’ ठेवले. बेळगाव जिल्ह्यात भीमगडच्या रानात उगम पावणारी व गोव्यात उतरून मांडवी म्हणविणारी नदी ती हीच. 19 ऑगस्ट 2009 रोजी दोंदे मुंबईहून निघाले. फ्रीमँटल, लिटल्टन, पोर्ट स्टॅन्ली आणि केपटाउन या चार बंदरांत थांबून मे 2010 मध्ये, नऊ महिन्यांनी, ते मुंबईस परतले. एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय ठरले. पाठोपाठ त्याच नौकेतून अभिलाष टॉमी नोव्हेंबर 2012 मध्ये निघाले व कोठेही न थांबता पाच महिन्यांनी परत आले.

येथे ‘एकटा’ या शब्दाचा थोडा विचार करणे अगत्याचे आहे. एकट्या नाविकास झोपही सलग घेता येत नाही. थोडा डोळा लागतो न लागतो तोच वारा, शीड आणि आसपासची जहाजे पाहण्यासाठी त्यास उठावे लागते. पाण्यात पडल्यास नौका परत वळविणारा कोणी नसतो. म्हणून त्याच्या अंगावर मजबूत पट्टा असतो, पट्ट्यास दोर असतो, आणि त्या दोराची कडी नाळेपासून पिछाडीपर्यंत ताणलेल्या पट्टीत अडकविलेली असते. ही कडी हे त्याचे पहिले रक्षण. आपोआप फुगणारा जीवरक्षक अंगरखा दुसरे. फुगणारा तराफा, आकाशात सोडावयाच्या लाल संकटज्योती आणि संकटसूचक रेडिओयंत्र ही त्यापुढची. यांतील प्रत्येक वस्तूमागे कोणाचा तरी मृत्यू उभा आहे. ऑगस्ट 1979 मध्ये इंग्लंड व आयर्लंड यांमधील ‘फास्टनेट’ शर्यतीत 303 नौका वादळात सापडल्या आणि 15 खलाशी प्राणांस मुकले. घाबरून सोडून दिलेल्या 24 नौकांपैकी बहुतेक नंतर तरंगताना आढळल्या. उलट तराफ्यांचा आश्रय घेणाऱ्यांपैकी काही दगावले होते. तेव्हापासून शिकवण अशी की, नौका पायाखालून बुडेपर्यंत ती सोडू नये. तराफ्यात जाताना पाऊल वर टाकावे लागले तरच जावे. शर्यतींत कोणते साहित्य सक्तीचे असावे याचे नियमही त्यानंतर कडक झाले.

या साहित्याची खरी कसोटी 2018 साली लागली. जुन्या ‘गोल्डन ग्लोब’च्या स्मरणार्थ नवी शर्यत योजिली होती. नाविकांनी तारे, सूर्य व कागदी नकाशे यांवरच मार्ग काढावा, असा तिचा नियम होता. अभिलाष टॉमी यांनी ‘सुहेली’च्याच धर्तीची नौका गोव्यात बांधून घेतली व तिला ‘तुरीया’ हे नाव दिले. जागृती, स्वप्न व सुषुप्ती यांपलीकडील चौथ्या अवस्थेचे हे नाव आमच्या वाचकांस निराळे समजावून सांगावयास नको. सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात दक्षिण हिंदी महासागरात, पर्थपासून सुमारे 1,900 सागरी मैलांवर, प्रचंड वादळाने ‘तुरीया’स उलथून टाकले. डोलकाठी मोडली. टॉमी यांच्या पाठीस जबर दुखापत झाली; उभे राहणे अशक्य झाले. उरले होते ते संदेश पाठविण्याचे लहानसे यंत्र आणि ‘ईपर्ब’ हे संकटसूचक.

या यंत्राची हाक उपग्रह ऐकतो व पृथ्वीवरील केंद्रास कळवितो. रशिया, अमेरिका, कॅनडा व फ्रान्स यांनी एकत्र येऊन उभारलेल्या या व्यवस्थेचा पहिला उपग्रह 1982 साली उडाला. भारताची केंद्रे बंगळूर व लखनौ येथे आहेत. टॉमी यांच्यासाठी ऑस्ट्रेलियाच्या बचावकेंद्राने सूत्रे हाती घेतली. भारतीय नौदलाच्या विमानाने नौका शोधून काढली. ग्रेगर मॅकगकिन हा आयरिश स्पर्धक स्वतःची डोलकाठी मोडलेली असताना तात्पुरते शीड उभारून त्यांच्याकडे निघाला. 24 सप्टेंबर रोजी ‘ओझिरिस’ या फ्रेंच जहाजाच्या लोकांनी त्यांस उचलून घेतले व ॲम्स्टरडॅम बेटावर नेले. तेथून ‘सातपुडा’ या भारतीय युद्धनौकेने त्यांस विशाखापट्टणमला पोचविले. ज्यास आपण एकटा म्हणत होतो त्याच्यासाठी चार राष्ट्रांची माणसे जागी होती.

पाठीच्या कण्यात धातूच्या सळया घालून घेतलेला हा नाविक पुन्हा त्याच शर्यतीस उभा राहिला. सप्टेंबर 2022 मध्ये तो निघाला आणि 29 एप्रिल 2023 रोजी दुसरा आला. पहिली आली ती कर्स्टन नॉयशेफर ही दक्षिण आफ्रिकेची स्त्री. तापिओ लेहतिनेन या स्पर्धकाची नौका वाटेत बुडाली, तेव्हा तिने आपला मार्ग सोडून त्यास तराफ्यातून उचलले व जवळ आलेल्या ‘दर्या गायत्री’ नामक मालवाहू जहाजावर सुखरूप चढविले. मग ती पुन्हा शर्यतीस लागली. समुद्रावरील धर्म तो हाच. पुढे धावणारा थांबतो आणि तरीही त्याचे काही बिघडत नाही.

‘म्हादई’ची धाकटी बहीण ‘तारिणी’. ओरिसातील गंजाम जिल्ह्यात तारातारिणीचे ठाणे आहे. तरून नेणारी ती तारिणी. लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशी व त्यांच्या पाच सहकारी स्त्रियांनी सप्टेंबर 2017 मध्ये गोव्याहून निघून मे 2018 मध्ये या नौकेतून परिक्रमा पुरी केली. लेफ्टनंट कमांडर दिलना व रूपा या दोघींनीच ती 2 ऑक्टोबर 2024 ते 29 मे 2025 या काळात पुन्हा केली. आवटी यांनी पहिली स्त्री-परिक्रमा पुरी झालेली पाहिली आणि नोव्हेंबर 2018 मध्ये देह ठेवला.

देव तारी त्यास कोण मारी, ही म्हण आपल्या तोंडी सदैव असते. आम्हांस ती खोटी वाटत नाही. परंतु नौकेस तारिणीचे नाव देणाऱ्यांनी तिच्यावर तराफाही ठेवला, दोरही ठेवला आणि त्याची कडी दररोज तपासली. श्रद्धा आहे म्हणून तयारी नको, असे त्यांस वाटले नाही. तयारी आहे म्हणून श्रद्धा नको, असेही वाटले नाही. नदीकाठच्या यात्रेत भरलेल्या होडीत चढणाऱ्या आपल्या माणसांनी एवढे जरी यातून घेतले, होडीत किती जण बसले ते मोजले व बुडणाऱ्यास फेकावयाचा दोर होडीत आहे की नाही हे नावाड्यास विचारले, तरी या दूरच्या समुद्रकथेचे पुण्य आपल्या पदरी पडेल.