सिंह आणि कोंकरा

चांद्याच्या परकोटाचे दरवाजे ज्यांनीं पाहिले असतील, त्यांस तेथील शिल्प आठवत असेल : हत्तीवर मात करणारा सिंह. तें गोंड राजांचें राजचिन्ह होय. गडचिरोलीकडील वैरागडचा अरण्यप्रदेशही त्यांच्याच राज्यांत होता. १७५१ सालीं तें राज्य नागपूरकर भोसल्यांकडे गेलें. दगडांतला सिंह मात्र राहिला. जो दुसऱ्यास नमवितो तो राजा, हा त्याचा अर्थ कोणासही कळावा.

असाच एक सिंह ख्रिस्ती धर्मग्रंथाच्या शेवटच्या पुस्तकांत, प्रकटीकरणांत, येतो. पण तो केवळ ऐकूं येतो. इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या अखेरीस, रोमन अंमलाखालील पात्म बेटावर योहानास कांहीं दृष्टान्त झाले. त्यांतील एकांत सात शिक्क्यांची एक गुंडाळी आहे. ती उघडण्यास योग्य असा कोणी सांपडेना, म्हणून योहान रडूं लागतो. यहूदा वंशाचा सिंह विजयी झाला आहे, असें एक वडील त्यास सांगतो. योहान पाहतो, तों समोर सिंह नाहींच. वध झाल्यासारखा एक कोंकरा उभा आहे.

त्या कोंकऱ्यास सात शिंगें व सात डोळे आहेत. हें चित्र डोळ्यांनीं पाहावयाचें नसून अर्थानें वाचावयाचें आहे. सात ही पूर्णतेची संख्या. शिंग बळाचें चिन्ह, डोळा ज्ञानाचें. वधाची खूण मात्र मर्त्य देहाची. पहिल्या अध्यायांत मनुष्याच्या पुत्रासारखा जो पुरुष दिसतो, त्याचे केश शुभ्र आहेत. दानीएलाच्या जुन्या दृष्टान्तांत तसे केश प्रत्यक्ष परमेश्वराचे आहेत. अशा रीतीनें एकाच ख्रिस्तांत देव व मनुष्य दोन्ही दिसतात. हीच गोष्ट ४५१ सालीं खाल्सेदोनच्या धर्मसभेनें सिद्धान्तरूपानें मांडली : व्यक्ति एक, स्वभाव दोन.

हे दृष्टान्त छापील मराठींत आले ते १८११ सालीं, बंगालमधील श्रीरामपुरास निघालेल्या विल्यम केरी यांच्या नव्या करारांतून. केरी यांचे मराठीचे पंडित वैजनाथ शर्मा नागपूरकडील होते, आणि चांदा तेव्हां नागपूरच्याच राज्यांत होता. पुढें पंडिता रमाबाईंनीं मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून केलेलें भाषांतर, त्यांच्या पश्चात्, १९२४ सालीं प्रसिद्ध झालें.

सिंहाचें नांव खोटें होतें, असें योहान कोठेंही म्हणत नाहीं. विजय खराच, पण तो दुसऱ्याचा जीव घेऊन नव्हे, स्वतःचा देऊन मिळालेला आहे.