परक्यांनी मांडलेली पंगत

परगावी गेलेल्या माणसाला न्यायालयाची, इस्पितळाची किंवा सरकारी कचेरीची गरज केव्हातरी पडते. खानावळीची गरज मात्र दिवसातून दोनदा पडते. असे असूनही इतिहासाच्या ग्रंथांत राजेरजवाड्यांच्या मेजवान्यांची वर्णने सविस्तर आढळतात आणि मजूर, कारकून वा विद्यार्थी दुपारी कोठे जेवत होता याविषयी जेमतेम एखादे वाक्य हाती लागते. आपल्या समाजातील तरुण मुले-मुली शिक्षणाच्या व नोकरीच्या निमित्ताने इंग्लंडमधील शहरांत जाऊन राहतात. तेथे चांगले अन्न परवडेल अशा दरात कोठे मिळते, हा त्यांचा पहिल्याच आठवड्यातला प्रश्न असतो. या प्रश्नाला किमान साडेतीनशे वर्षांचा इतिहास आहे. तो चाळू लागले की एक गोष्ट पुनःपुन्हा ध्यानात येते. इंग्रजी शहरांना स्वस्त आणि चवदार जेवण बहुतेक वेळा अशा माणसांनी वाढले, की जी त्या शहरांत स्वतःच परकी होती. प्रस्तुत लेखात आम्ही याच गोष्टीचा मागोवा घेणार आहोत.

सन १६५२ मध्ये लंडनच्या कॉर्नहिल भागातील सेंट मायकेल्स ॲली या अरुंद बोळात शहरातले पहिले कॉफीगृह उघडले. ते उघडणारा पास्क्वा रोझे हा पूर्व भूमध्य प्रदेशातून आलेला, एका इंग्रज व्यापाऱ्याच्या पदरी असलेला नोकर. अशा कॉफीगृहांत एक पेनी दिली की कॉफी मिळे, ऊब मिळे आणि परक्या माणसालाही इतरांच्या शेजारी बाकावर बसता येई. त्याच काळात खाणावळवजा मद्यगृहांतून ठरावीक वेळी, ठरावीक दरात, एकाच लांब मेजावर जेवण वाढले जाई. त्याला ‘ऑर्डिनरी’ म्हणत. दर अगोदर जाहीर असल्यामुळे मोजकेच पैसे असलेल्या माणसालाही तेथे निःशंक मनाने बसता येत असे. ‘स्वस्त’ या शब्दात ही निःशंकताही येते, असे आमचे मत आहे.

याउलट एक उदाहरण पाहण्यासारखे आहे. पाटण्यात १७५९ साली जन्मलेल्या शेख दीन महंमद यांनी १८१० मध्ये लंडनच्या पोर्टमन स्क्वेअरजवळ ‘हिंदुस्तानी कॉफीगृह’ थाटले. वेताच्या खुर्च्या, हुक्का, मसालेदार पदार्थ, असा सगळा थाट त्यांनी केला होता. गिऱ्हाईक म्हणून त्यांच्या डोळ्यांसमोर कंपनी सरकारच्या नोकरीतून परतलेले धनिक होते. पण त्या मंडळींच्या घरी स्वयंपाकी होते. त्यांना बाहेर जेवण्याची निकड नव्हती. दोनच वर्षांत, १८१२ मध्ये, दीन महंमद यांचे दिवाळे निघाले. परका माणूस परक्या शहरात अन्न विकतो तेव्हा त्याला तारतो तो बाहेर जेवणे भाग असलेला सामान्य माणूस, श्रीमंत हौशी नव्हे. हा धडा पुढील शंभर वर्षांनी खरा करून दाखविला.

कारखानदारी वाढली तशी खेड्यांतील माणसे शहरांत लोटली. १८५१ च्या जनगणनेत इंग्लंड व वेल्समधील निम्म्याहून अधिक लोक शहरवासी झाल्याचे दिसून आले. मजुरांच्या कोंदट खोल्यांतून स्वयंपाकाची धड सोय नसे आणि कोळसा महाग. हेन्री मेह्यू या पत्रकाराने त्याच सुमारास लंडनच्या गरिबांच्या जीवनाची बारकाईने पाहणी केली. गरम वाम मासे, वाटाण्याचा रस्सा, भाजलेले बटाटे, मांसाच्या पाय आणि तळलेले मासे विकणारे फेरीवाले त्याने नोंदवून ठेवले. तळलेल्या माशाचा तुकडा आणि पावाची फोड एका पेनीला मिळत असे.

हा तळलेला मासा आला कोठून? स्पेनमधून १४९२ मध्ये ज्यू लोकांना हाकलण्यात आले आणि पोर्तुगालमध्ये १४९७ मध्ये त्यांच्यावर धर्मांतराची सक्ती झाली. त्यांच्या वंशजांपैकी काही कुटुंबे सतराव्या शतकात इंग्लंडला पोहोचली. शब्बाथाच्या दिवशी चूल पेटवावयाची नाही म्हणून शुक्रवारीच मासे पिठात घोळवून तेलात तळून ठेवण्याची त्यांची रीत होती. ती रीत त्यांच्याबरोबर लंडनच्या गल्ल्यांत आली, असे खाद्येतिहासाचे अभ्यासक मानतात. ज्यांनी त्यांना देशोधडीला लावले ते राज्यकर्ते ख्रिस्ती म्हणवीत होते, हे आम्हांला येथे विसरून चालणार नाही.

या माशाला बटाट्याच्या तळलेल्या कापांची जोड केव्हा मिळाली याबद्दल दोन दावे आहेत. एक पूर्व लंडनमधील जोसेफ मालिन या ज्यू दुकानदाराचा, १८६० च्या सुमाराचा; दुसरा लँकशायरमधील मॉस्ली गावच्या बाजारात लाकडी खोपटात दुकान मांडणाऱ्या जॉन लीस यांचा, १८६३ चा. आगगाडी व वाफेवर चालणाऱ्या मच्छीमार बोटी यांमुळे समुद्रापासून दूरच्या शहरांतही ताजा मासा स्वस्तात पोहोचू लागला आणि गिरण्यांच्या गावोगावी ही दुकाने उभी राहिली. शुक्रवारी मांस वर्ज्य करणाऱ्या कॅथलिक कुटुंबांची तर त्यांनी मोठीच सोय केली. लँकशायरच्या गिरण्यांत राबणाऱ्या आयरिश मजुरांचा शुक्रवार अशा रीतीने एका ज्यू पाककृतीवर पार पडू लागला. इंग्लंड व वेल्सच्या बिशपांनी शुक्रवारचा हा नियम २०११ मध्ये पुन्हा लागू केला आहे. ज्या दोन समाजांना इंग्लंडमध्ये अनेक वर्षे संशयाने पाहिले गेले, त्यांचा एक धागा असा त्या कागदी पुडक्यात गुंफला गेला आहे.

लंडनच्या टॉवर ब्रिज रोडवरील ‘पाय अँड मॅश’ची गोष्ट याच जातीची. मांसाची पाय, कुस्करलेला बटाटा आणि पार्स्लीचा हिरवा रस्सा हे अस्सल लंडनी मजुराचे जेवण. तेथील एक जुने दुकान १९०२ पासून मांझे या कुटुंबाच्या नावाने ओळखले जाते, आणि मांझे हे इटलीतील रावेल्लो गावचे स्थलांतरित.

मद्यपानविरोधी चळवळीनेही या कामाला हात घातला. मजूर दारूच्या गुत्त्यात जातो तो केवळ दारूसाठी नव्हे, तर ऊब आणि बसावयास जागा यांसाठी जातो, हे त्या मंडळींनी ओळखले. १८७० नंतरच्या दशकात लिव्हरपूलच्या गोदी कामगारांसाठी व पुढे इतर शहरांत कोकोगृहे निघाली. त्यांत लॉकहार्ट यांची कोकोगृहे प्रसिद्ध होती. दोन पेन्सांत कोको व पाव खाऊन दिवस काढणाऱ्या एका गरीब विद्यार्थ्याचा उल्लेख गांधीजींनी आत्मकथेत केला आहे, तो याच लॉकहार्टच्या संदर्भात. स्वतः गांधीजी १८८८ मध्ये लंडनला पोहोचले तेव्हा आईला दिलेल्या वचनामुळे मांसाहार करू शकत नव्हते. शाकाहारी खानावळीच्या शोधात ते दिवसाला दहा-बारा मैल चालत, स्वस्तशा उपाहारगृहात शिरून पोटभर पाव खात आणि तरीही असमाधानी राहत. अखेर फॅरिंग्डन स्ट्रीटवर त्यांना एक शाकाहारी उपाहारगृह सापडले. पुढे काटकसर करीत त्यांनी जेवणखर्च दिवसाला एक शिलिंग तीन पेन्सांवर आणला. परक्या शहरात मनासारखी खानावळ सापडणे ही किती मोठी घटना असते, हे त्या प्रकरणावरून उमगते.

सर्वांनाच ती सापडली असे मात्र नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२० मध्ये पुन्हा लंडनला जाऊन राहिले, तेव्हा घरमालकिणीच्या तुटपुंज्या न्याहारीवर त्यांचा दिवस जाई आणि रात्री भूक असह्य झाली की पापड भाजून ते वेळ निभावून नेत, असे त्यांचे चरित्रकार धनंजय कीर यांनी नमूद केले आहे. ज्या शहरात त्या वेळी शेकडो चहागृहे होती, त्याच शहरातील ही हकिगत आहे. स्वस्त दर हा शब्द सापेक्ष असतो; ज्याच्या खिशात काहीच उरत नाही त्याला स्वस्तही महागच.

त्या चहागृहांत ‘लायन्स’चे नाव अग्रभागी होते. १८९४ मध्ये पिकॅडिली रस्त्यावर त्यांचे पहिले चहागृह उघडले. त्यामागे सामन व ग्लुकस्टीन ही युरोपातून येऊन स्थायिक झालेली ज्यू कुटुंबे होती. स्वच्छ मेज, भिंतीवरचा दरफलक आणि सर्व शाखांत सारखे दर, ही त्यांची पद्धत. कचेऱ्यांत नव्यानेच कामाला लागलेल्या स्त्रियांना एकटीने जाऊन निर्धास्तपणे जेवता येईल अशा जागा त्यापूर्वी फारच थोड्या होत्या. ती उणीव या चहागृहांनी भरून काढली.

महायुद्धांत एक वेगळीच गोष्ट घडली. पहिल्या महायुद्धात, मे १९१७ मध्ये, राणी मेरीच्या हस्ते लंडनच्या वेस्टमिन्स्टर ब्रिज रोडवर पहिले ‘राष्ट्रीय स्वयंपाकघर’ सुरू झाले. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बवर्षावाने घरे कोसळली आणि इंग्रज नागरिक आपल्याच शहरात बेघर झाला. तेव्हा स्थानिक नगरपालिकांनी सार्वजनिक भोजनगृहे चालविली. त्यांचे मूळ नाव ‘सामुदायिक भोजन केंद्रे’ असे होते; ते चर्चिल यांना रुचले नाही आणि १९४१ मध्ये त्यांच्या सूचनेवरून ‘ब्रिटिश रेस्टॉरंट’ हे नाव रूढ झाले. नऊ पेन्सांच्या आसपास मांस, भाजी व गोड पदार्थ असे जेवण मिळे आणि शिधापत्रिकेची कुपने द्यावी लागत नसत. १९४३ पर्यंत अशा भोजनगृहांची संख्या दोन हजारांवर गेली होती. बँकेतला अधिकारी आणि झाडूवाला एकाच रांगेत थाळी घेऊन उभे राहत. उपाशी व बेघर होण्याचा अनुभव सर्वांच्या वाट्याला आला, तेव्हाच राज्यसंस्थेला स्वस्त जेवणाचे महत्त्व पटले, असे म्हणावे लागते.

शांतता प्रस्थापित झाली आणि ही व्यवस्था विरत गेली. मोकळ्या झालेल्या जागी पुन्हा परकेच उभे राहिले. लिव्हरपूलच्या बंदरातून युद्धकाळात इंग्लंडसाठी जहाजे चालविणाऱ्या चिनी खलाशांपैकी शेकडो जणांना १९४५-४६ मध्ये सरकारने गुपचूप परत पाठविले. त्यांच्या इंग्रज बायकांना आणि मुलांना नवरा व बाप कोठे गेला हे वर्षानुवर्षे कळले नाही. त्याच देशात पुढील दोन-तीन दशकांत चिनी कुटुंबांनी तळलेल्या माशांची दुकाने चालवावयास घेतली आणि लहान लहान गावांतही रात्रीचे गरम जेवण मिळू लागले.

सिल्हेटचे खलाशी हे याच मालिकेतले. जहाजाच्या भट्टीत कोळसा ओढणारी ही माणसे बंदरात उतरून लंडनमध्ये राहिली, हॉटेलांत भांडी घासू लागली आणि युद्धानंतर बॉम्बने मोडकळीस आलेली उपाहारगृहे स्वस्तात घेऊन चालवू लागली. मासे व बटाट्याचे काप यांच्याबरोबरच त्यांनी रस्सा-भात ठेवला. मद्यगृहे बंद झाल्यावरही दुकाने उघडी ठेवली. गिऱ्हाईक इंग्रज मजूर आणि विद्यार्थी. मध्यरात्री झिंगलेल्या गिऱ्हाइकांची अर्वाच्य भाषा ऐकून घेत या माणसांनी इंग्लंडला मसाल्याची चव लावली. बर्मिंगहॅममध्ये पाकिस्तानी व काश्मिरी कुटुंबांनी १९७० च्या दशकात लोखंडी पातेलीतच शिजवून त्यातच वाढण्याची ‘बाल्टी’ पद्धत आणली. मँचेस्टरचा विल्मस्लो रोड, लेस्टरचा बेलग्रेव्ह रोड ही नावे आज विद्यार्थ्यांच्या तोंडी असतात ती याच इतिहासामुळे. १९७२ मध्ये युगांडातून हाकलले गेलेले अनेक गुजराती लेस्टरला येऊन स्थिरावले, हेही येथे ध्यानात घ्यावे.

आता ‘शोधावे कसे’ हा प्रश्न. रेमंड पोस्टगेट हे इतिहासकार व समाजवादी विचारवंत. पहिल्या महायुद्धात लढण्यास नकार दिल्याबद्दल त्यांना तरुणपणी तुरुंगवास घडला होता. इंग्रज माणूस वाईट जेवण निमूटपणे गिळतो, पैसे मोजतो आणि तक्रार करीत नाही, हे त्यांना खटकले. त्यांनी १९५१ मध्ये ‘गुड फूड गाइड’ ही मार्गदर्शिका काढली. सामान्य ग्राहकांनी स्वतःच्या खर्चाने जेवून पाठविलेल्या अहवालांवर ती आधारलेली होती. उपाहारगृहांची जाहिरात तिला वर्ज्य होती. जेवणाराची साक्ष हाच खरा पुरावा, हे तत्त्व आजही तितकेच उपयोगी आहे. मात्र अशी साक्षही जुनी होते. लंडनच्या स्ट्रँड रस्त्यावरील ‘इंडिया क्लब’ १९५० च्या दशकापासून भारतीय विद्यार्थ्यांना आणि पत्रकारांना माफक दरात डोसा-डाळ खाऊ घालीत होता. सप्टेंबर २०२३ मध्ये तो बंद झाला. जागेचे भाव वाढतात, मालकाची मुले डॉक्टर-वकील होतात आणि चूल विझते. यात मुलांचा दोष नाही. त्यासाठीच तर बापाने रात्री जागविल्या होत्या.

म्हणून इंग्लंडला जाणाऱ्या आमच्या तरुण वाचकांना आम्ही इतकेच सुचवू. प्रेक्षणीय स्थळांच्या दारातील उपाहारगृहे टाळावीत. दारावर दरफलक आहे का ते पाहावे. जेथे त्या त्या समाजाची वृद्ध माणसे व कष्टकरी जेवावयास बसलेले दिसतील तेथे निःशंक मनाने जावे. शहरात नव्याने आलेली माणसे कोणत्या वस्तीत राहतात याची चौकशी करावी. हातात पैसे नसतील अशा दिवशी गुरुद्वाराच्या लंगरात कोणत्याही धर्माचे माणूस जमिनीवर सर्वांच्या शेजारी बसून जेवू शकते. तेथे दरफलकच नाही.

आणि जेवण स्वस्त वाटले तर ते कोणाच्या कमी मजुरीवर स्वस्त झाले आहे, याचाही क्षणभर विचार करावा. वाढणाऱ्याला नाव विचारावे, गाव विचारावे. आपणही त्या शहरात त्याच्यासारखेच परके आहोत. त्याने थाळी पुढे ठेवताना हे बहुधा ओळखलेलेच असते.